फोंड्यातली म्युझिकवाली स्टडी रूम: तीन महिने बसून आल्यावर

जूनच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत जवळजवळ रोज मी फोंड्याच्या वरच्या बाजारातल्या एका स्टडी रूममध्ये बसत होते, त्याबद्दल लिहितेय. नाव लिहीत नाही, कारण थोड्या तक्रारी पण आहेत आणि मालक माणूस म्हणून खूप चांगले आहेत, त्यांचं नुकसान व्हावं असं मला अजिबात वाटत नाही. फोंड्यात कुणालाही "ती म्युझिकवाली रूम" विचारलंत की जिना दाखवतील.

मी सीए इंटर करते, सप्टेंबरच्या अटेम्प्टसाठी पहिला ग्रुप, म्हणजे अकाउंट्स, लॉ आणि टॅक्स. घर केरीला. घरी अभ्यास का होत नाही हे गोव्यातल्या लोकांना सांगायची गरज नाही, बाबा भजनी मंडळात पखवाज वाजवतात, शेजारी चतुर्थीच्या महिनाभर आधीपासून सोप्यावर बसून पोरं घुमट या वाद्याचा सराव करतात, आणि मला ते सगळं आवडतं हाच प्रॉब्लेम आहे, आवडत नसतं तर दार लावून बसले असते. लहानपणी पाच वर्षं मी पेटी शिकलेय, त्यामुळे कान तिकडे जातोच. म्हणून मैत्रिणीने सांगितलं की फोंड्यात एक रूम आहे, एसी आहे, मागे छान हळू गाणी चालू असतात, अभ्यासाचं टेन्शनच येत नाही, तर लगेच जाऊन बघून आले आणि त्याच दिवशी पैसे भरले.

आधी सोयी पटकन सांगते. महिन्याला १२०० रुपये, ५०० डिपॉझिट, सकाळी ७ ते रात्री १०. दुसरा मजला, लिफ्ट नाही. बाहेरचा मोठा हॉल आणि आत एक छोटी खोली, मिळून चाळीसेक सीट्स. प्रत्येक टेबलाला स्वतःचा दिवा आणि प्लग आहे, खुर्च्या चांगल्या आहेत, पाठ दुखत नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की आमच्याकडे लाईट किती वेळा जाते ते माहीतच आहे, पण इथे इन्व्हर्टर आहे, दिवे आणि वायफाय चालू राहतात, एसी बंद पडतो. टॉयलेट रोज धुतलेलं असतं, हे मुलींनी आधी बघावं आणि इथे काळजी नाही. खाली गाड्यावर सकाळी भाजी-पाव आणि चहा मिळतो, अकरानंतर भाजी संपलेली असते. स्कूटर लावायला मागे जागा आहे पण शुक्रवार-शनिवारी लवकर या.

आता म्युझिकचं, ऑगस्टच्या आधी कसं होतं ते. बाहेरच्या हॉलमध्ये छताला चार स्पीकर आहेत. सकाळी नऊला सुरू होतं ते मधला तासभर सोडला तर रात्री आठपर्यंत. सकाळी लो-फाय, म्हणजे हळू ठेक्याचं बिनशब्दांचं म्युझिक, दुपारी पियानो किंवा बासरी, संध्याकाळी पाचनंतर जुनी मराठी आणि हिंदी गाणी, शब्दांसकट. आवाज मोठा नाही, बोलणं ऐकू येईल इतपत. दारातच भिंतीवर मोठा पोस्टर लावलाय, "मोझार्ट ऐका, बुद्धी वाढवा", बाजूला मेंदूचं चित्र.

पहिला आठवडा मला खरंच मस्त वाटलं. घरातून निघताना जो कंटाळा असतो ना, की आज पुन्हा तेच पुस्तक, तो इथे जिना चढून आत आल्यावर जात होता. बसल्यावर दहा मिनिटांत पेन हातात असायचं. आठ-आठ तास बसून घरी जात होते आणि आईला सांगत होते की आज खूप झालं. मग दुसऱ्या आठवड्यात लॉची रिव्हिजन घेतली आणि घाबरले. कंपनी कायद्यातल्या सेक्शन १०३ चा कोरम, म्हणजे सभेला कमीत कमी किती मेंबर हजर हवेत, पब्लिक कंपनीत मेंबर १००० पर्यंत असतील तर ५, त्यावर ५००० पर्यंत १५, त्याच्याही वर ३०, हे मी तीन वेळा पाठ केलेलं, समोर कोरा कागद घेतला तर १५ आणि ३० ची अदलाबदल. पहिली एजीएम, म्हणजे कंपनीची वार्षिक सभा, वर्ष संपल्यापासून ९ महिन्यांत, पुढच्या ६ महिन्यांत, दोन एजीएममध्ये १५ महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको, नोटीस २१ क्लिअर दिवसांची, यातलं काय कुठे जातं ते सगळं एकमेकांत मिसळलेलं. आणि गंमत नाही, खरं सांगतेय, आदल्या संध्याकाळी लागलेल्या गाण्याचं अख्खं कडवं मात्र मला पाठ होतं.

तेव्हा मालकांकडे गेले. त्यांना सगळे भाई म्हणतात. मी म्हटलं भाई, मला पाठ करायला जमत नाहीये बाहेर. ते लगेच म्हणाले, "बाय, तुका गाणीं नाका जाल्यार भितर बस." आतली खोली म्हणजे बारा सीट्स, स्पीकर नाही, एका बाजूला खिडकी, त्याच्या बाहेर शेजारच्या दुकानाचा पत्रा. कुणी फारसं बसत नव्हतं कारण एसी नाही, फक्त पंखा. मला वाटलं करून बघू. मग जवळजवळ दोन आठवडे मी असं केलं की एक दिवस लॉ बाहेर, एक दिवस लॉ आत, तेवढाच वेळ, साधारण तेवढेच सेक्शन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, म्हणजे गाणी सुरू व्हायच्या आधी, कोऱ्या कागदावर उतरवायचं. हे काही शास्त्रीय नाही, एकटीची वही आहे. पण कागद बाजूबाजूला ठेवले तर कळत होतं. आत पाठ केलेल्यात एखादा आकडा राहून जायचा, बाहेर पाठ केलेल्यात आकडे असायचे पण चुकीच्या जागी. आणि सीएच्या पेपरात ३० मार्कांचे एमसीक्यू असतात, तिथे चुकीच्या जागचे आकडेच समोर पर्याय म्हणून येतात.

मग मी वाचायला लागले की असं का होतं. आपण आकडे किंवा कलमं क्रमाने लक्षात ठेवताना मनातल्या मनात पुटपुटत असतो, ओठ हलत नसले तरी. बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मेंदूतल्या या तात्पुरत्या पाटीचा, वर्किंग मेमरीचा नमुना मांडला, त्यात या पुटपुटण्यासाठी एक वेगळी जागा आहे. ती जागा अगदी छोटी. कानावर शब्द पडले की आपण ऐकायचं नाही असं ठरवलं तरी ते त्याच जागेत घुसतात. बॅडली आणि त्यांचे सहकारी सालामे यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की शब्द असलेलं गाणं नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा जास्त आड येतं. माझं कडवं पाठ आणि कोरम विसरलेला, ते तिथेच झालं असणार.

पण मला सगळ्यात जास्त पटलं ते वेल्समधल्या कार्डिफचे निक पेरहॅम यांचं काम. आपण सगळे म्हणतो ना की मला आवडणारं लावलं तर त्रास होत नाही, दुसऱ्याचं लावलं की होतो. त्यांनी लोकांना क्रमाने अक्षरं लक्षात ठेवायला दिली, एकदा त्यांच्या आवडीचं संगीत लावून, एकदा नावडतं लावून, एकदा पूर्ण शांततेत. आवडतं आणि नावडतं दोन्हीत नुकसान सारखंच झालं. आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा, अजिबात न बदलता ऐकवला तेव्हा मात्र शांततेसारखंच जमलं. म्हणजे त्रास आवाजाचा नाही, आवाज सारखा बदलत राहतो त्याचा आहे.

हे वाचलं आणि मला खिडकीबाहेरचा पत्रा आठवला. जुलैमध्ये त्यावर पाऊस इतका पडत होता की आतल्या खोलीत दोन माणसं हळू बोलली तर ऐकू येत नव्हतं, मोजायला गेलं तर बाहेरच्या स्पीकरपेक्षा तो आवाज मोठाच भरला असता, आणि माझा लॉचा सगळ्यात चांगला अभ्यास त्या दिवसांत झालाय. अख्खा दिवस एकच आवाज, त्यात पुढे काय येणार असं काही नसतं, कान दहा मिनिटांत सोडून देतो. ज्यांचं घर पत्र्याचं किंवा कौलांचं आहे त्यांनी पावसात अभ्यास होत नाही असं म्हणायच्या आधी एकदा ट्राय करा, मी आता घरी पण मागच्या पडवीत बसते.

संगीतात मात्र पुढे काय येणार हेच तर सगळं असतं. लोक सांगतात शब्द नसलेलं लाव, बासरी लाव, सतार लाव. ज्यांचं कधी शिकणं झालं नाही त्यांना कदाचित चालत असेल, माझ्या शेजारच्या सीटवरच्या मुलाला चालत होतं. मला दुपारी बासरीवर यमन लागला की टॅक्सचं पान समोर तसंच राहायचं, तो तीव्र मध्यमावर कधी येतो याकडे कान लागलेला असायचा, समेवर आला की मान हलायची, आणि मग परत त्याच ओळीच्या सुरुवातीला. पान उलटत होतं पण वाचलेलं काही नव्हतं. गोव्यात घरटी एक तरी माणूस पेटी, तबला, नाहीतर चर्चच्या शाळेत व्हायोलिन शिकलेला सापडतो, तर इथल्या मुलांनी तरी हे स्वतःवर तपासून बघावं. माझ्याच गावच्या केसरबाई केरकर, नासाने १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर जी सोन्याची तबकडी पाठवली त्यात भारतातून एकट्या त्यांची भैरवी आहे. बाबा ती वर्षातून दोन-चार वेळा लावतात आणि तेव्हा घरात कुणी भांडं पण हलवत नाही. साडेतीन मिनिटांचीच आहे. मी एकदा लहानपणी ती मागे लावून गणितं करत होते तर बाबांनी येऊन शांतपणे बंद केली आणि म्हणाले, ऐकायचं असेल तर ये बस, नाहीतर गणितं कर. तेव्हा राग आलेला. आता कळतं की माझी गणितं आणि ते गाणं, दोन्हींवर अन्याय होत होता.

पोस्टरबद्दल पण लिहायला पाहिजे कारण त्या पोस्टरमुळे पालक मुलांना इथे घालतात, माझ्यासमोर एका आईने दहावीच्या मुलाला तो वाचून दाखवलाय. ते मूळ संशोधन खरं आहे, १९९३ मध्ये नेचर मासिकात आलेलं. पण त्यात काय होतं? ३६ कॉलेजचे विद्यार्थी, मोझार्टचा दोन पियानोंचा सोनाटा दहा मिनिटं ऐकवला, आणि नंतर घडी घातलेला कागद कापून उघडला तर कसा दिसेल अशा प्रकारची कोडी दिली. ती थोडी बरी सुटली, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटंच टिकला. अभ्यास करताना ऐकवलंच नव्हतं, आधी ऐकवलं होतं, आणि बुद्धी कायमची वाढते असं त्यांनी म्हटलेलं नाही. पुढे लोकांनी ते कुठल्या कुठे नेलं, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने १९९८ मध्ये प्रत्येक नवजात बाळाला संगीताची सीडी द्यायला सरकारी पैसे मागितले. मग २००१ मध्ये कॅनडातल्या थॉम्पसन, शेलेनबर्ग आणि हुसेन यांनी दाखवलं की त्यात मोझार्टची जादू नाही, आनंदी, चपळ संगीत ऐकून मूड सुधारतो, अंगात तरतरी येते, आणि त्या तरतरीमुळे कोडी बरी सुटतात. संथ उदास संगीत ऐकवलं तर तसा फायदा दिसला नाही.

आणि हेच तर माझ्या पहिल्या आठवड्यात झालं होतं. जिना चढून आल्यावर मूड बदलायचा, बसावंसं वाटायचं. ते खोटं नव्हतं आणि ते छोटंही नाही, अभ्यासाला बसणं हीच आमच्यातल्या अर्ध्या लोकांची अडचण असते. फक्त बसवायचं काम झाल्यावर पण ते चालूच राहत होतं, अडचण तिथे होती.

सगळ्याच अभ्यासाला त्रास होतो असंही नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. अकाउंट्सची जी गणितं मला हातखंडा जमतात, कॅश फ्लोचं फॉरमॅट आखायचं, लेजर ओढायचे, तिथे मी मुद्दाम बाहेर जाऊन बसायचे आणि तीन तास कसे गेले कळायचं नाही. अकरावी-बारावीची मुलं जर्नल उतरवून काढतात, आकृत्या काढतात, त्यांना पण बाहेरचा हॉल उत्तम. पण नवीन चॅप्टर समजून घेताना, अमाल्गमेशन (कंपन्यांचं विलीनीकरण) पहिल्यांदा करताना, नाही. तेव्हा आतच. माझ्या ओळखीची एक मेडिकलच्या नीट परीक्षेची तयारी करणारी मुलगी आहे, मुळातच फार अबोल, तिला बाहेर अर्धा तास पण सहन होत नव्हतं, आणि तिची बडबडी मैत्रीण दिवसभर तिथे आरामात. लंडनमध्ये १९९७ मध्ये फर्नहॅम आणि ब्रॅडली यांनी असंच बघितलं होतं, पॉप गाणी चालू असताना अंतर्मुख मुलांची लक्षात ठेवण्याची कामगिरी बहिर्मुख मुलांपेक्षा जास्त घसरली. त्यामुळे मैत्रिणीला जमतं म्हणून मला जमेल असं धरून पैसे भरू नका, भाई एक दिवस फुकट बसू देतात, त्या दिवशी तुमचा सगळ्यात अवघड विषय घेऊन जा.

आता तक्रारी, ऑगस्टच्या आधीच्या. पहिली म्हणजे जाहिराती. म्युझिक फुकटच्या अकाउंटवरून लावायचे, मध्येच हळू पियानो थांबायचा आणि एक माणूस मोठ्या आवाजात कर्ज घ्या म्हणून ओरडायचा, अख्खा हॉल दचकायचा. पैसे घेऊन चालवताय तर महिन्याचं सबस्क्रिप्शन भरायलाच पाहिजे, हे मी तोंडावर सांगितलं. दुसरी, संध्याकाळची शब्दांची गाणी. शाळा-कॉलेजची मुलं नेमकी त्याच वेळी येतात. पेरहॅम यांच्याच २०१४ च्या अभ्यासात वाचून समजून घ्यायच्या परीक्षेत शब्दांच्या गाण्यांनी सगळ्यात जास्त नुकसान केलं, गाणं आवडतं असलं तरी. तिसरी, स्पीकरच्या बरोबर खाली ज्या चार सीट्स आहेत तिथे आवाज बाकीच्यांपेक्षा दुप्पट वाटतो आणि पैसे मात्र तेवढेच.

चौथी तक्रार रूमची नाही, आमच्यातल्या मुलांची. हॉलमधलं म्युझिक नको म्हणून कितीतरी जण कानात इअरफोन घालून त्यावर स्वतःचं लावतात, म्हणजे एकावर एक दोन गाणी, आणि खालचं झाकायला आवाज वाढवत नेतात. माझ्या पलीकडच्या मुलाचं काय चाललंय ते मला शब्दांसकट ऐकू येत होतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास एवढी मर्यादा सांगते, लहान मुलांसाठी त्याहून कमी, आणि परीक्षेच्या दिवसात इअरफोन घालून आठ तास बसलं तर पाच दिवसांत ४० तास होतात. आवाज त्याहून वाढला की परवानगीचा वेळ झपाट्याने कमी होतो. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. बऱ्याच फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची मर्यादा लावता येते, लावा ती. नॉइज कॅन्सलिंगवाले हेडफोन असतील तर काही न लावता नुसते घाला, पंखा, एसी, बसचं इंजिन असले एकसुरी आवाज ते छान मारतात, माणसांचं बोलणं आणि कुकरची शिट्टी मात्र पूर्ण जात नाही.

आणि एक गोष्ट ज्याचा मी आधी विचारच केला नव्हता. परीक्षेच्या हॉलमध्ये कोण गाणी लावणार आहे? १९७५ मध्ये गॉडन आणि बॅडली यांनी पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हर्सना काही शब्द पाण्याखाली पाठ करायला लावले आणि काही किनाऱ्यावर. पाण्याखाली शिकलेले पाण्याखाली जास्त आठवले, किनाऱ्यावरचे किनाऱ्यावर. जागा बदलली की आठवण घसरली. तीन तासांच्या पेपरात तिथे पंख्याचा आवाज असेल, पुरवण्या मागणाऱ्यांचा असेल, बस. म्हणून ऑगस्टपासून माझे सगळे मॉक पेपर मी आतल्या खोलीतच सोडवले, पंख्याखाली, घड्याळ समोर ठेवून.

हे सगळं जुलैच्या शेवटी मी भाईंना सांगितलं. मला वाटलेलं रागावतील, कारण म्युझिक हीच त्यांच्या रूमची ओळख आहे. त्यांनी खाली गाड्यावर नेऊन चहा पाजला आणि सगळं ऐकून घेतलं, मोबाईलवर मी दाखवलेलं वाचलं पण. ऑगस्टपासून बदल असा झाला की म्युझिक सकाळी नऊला वीस मिनिटं, दुपारी जेवणानंतर वीस मिनिटं आणि संध्याकाळी पाच ते साडेपाच, तेव्हा शब्दांची गाणी पण चालतात कारण ती सुट्टीच धरलीय. बाकी वेळ दोन्हीकडे शांत. जाहिराती गेल्या, सबस्क्रिप्शन घेतलं. काही जणांनी कुरकुर केली, दोघं सोडूनही गेले. पोस्टर अजून आहे, तो काढतो म्हणालेत पण काढलेला नाही, पालकांनी त्याच्या भरवशावर जाऊ नये.

ते पाच ते साडेपाच मला आता दिवसातलं सगळ्यात आवडतं. वही मिटायची, खुर्ची मागे घ्यायची आणि नीट ऐकायचं. एकदा बासरीवर परत यमन लागला, मी पूर्ण ऐकला, शेवटपर्यंत, डोळे मिटून, आणि साडेपाचला परत टॅक्स उघडला तर डोकं धुतल्यासारखं झालं होतं.

तर पाचपैकी चार स्टार देते. ऑगस्टच्या आधी विचारलं असतंत तर अडीच दिले असते. एक स्टार कापलाय तो आत एसी नाही म्हणून आणि त्या पोस्टरसाठी. पणजीला रोज जाणं जमणाऱ्यांनी पाटोला कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररीत जावं, १८३२ पासूनची संस्था आहे आणि शांतता तिथे मुळातच आहे, पण केरी, सावईवेरे, म्हार्दोळ, बांदोडा इकडच्यांना बसने जाऊन-येऊन दोन-अडीच तास जातात, त्यांना ही रूम बरी.

सीट मागताना आतल्या खोलीतली खिडकीकडची मागा, ३४ ते ३८. पावसाळ्यात तिथे पत्र्याचा आवाज सगळ्यात छान येतो. छत्री दाराबाहेरच्या बादलीत ठेवायची, आत आणली तर भाई ओरडतात.